बॅरेट्स इसोफेगस : दोन दुर्बिणींच्या मधली वर्षं कशी काढता?

नऊ_दहाची_लोकल
१४ जानेवारी, रात्री १:५०

मंडळी, वेळ बघूनच कळलं असेल, भिंतीला पाठ लावून बसून लिहितोय. संक्रांत. गुळाच्या पोळ्या तीन, वर तूप, आणि साडेसातला व्हायचं जेवण पाहुण्यांच्या नादात सव्वादहाला झालं. आता आडवं झालं की घशाशी येतंय. चूक माझी, पोळ्यांची नाही.

वय ५३, राहणार डोंबिवली, नोकरी फोर्टात. पंधरा-सोळा वर्षं ‘मला जरा पित्ताचा त्रास आहे’ या एका वाक्यावर निभावून नेलं. बॅगेत इनोच्या पुड्या, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पॅन-डीची पट्टी. कोपऱ्यावरचा केमिस्ट मला बघितलं की न विचारता पट्टी काढून ठेवायचा. मग तीन वर्षांपूर्वी खोकला लागला. कोरडा, रात्रीचा, तीन महिने हटेना. एक्स-रे स्वच्छ. कफ सिरपच्या सहा बाटल्या झाल्या. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी घशात बघून सांगितलं, “हे वरून खाली जात नाहीये, खालून वर येतंय. पोटाच्या डॉक्टरांकडे जा.”

दुर्बीण (एंडोस्कोपी) झाली. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) ३ सेंमी. बॅरेट्स इसोफेगस (अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदललेलं), सी२ एम४. बायोप्सीत इंटेस्टायनल मेटाप्लेशिया, डिसप्लेशिया नाही. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला, डॉक्टरांची वेळ तिसऱ्या दिवशीची. त्या रात्री मी ‘मेटाप्लेशिया’ हा शब्द ‘मेटास्टॅसिस’, म्हणजे कॅन्सर पसरणं, असा वाचला. बायकोला उठवलं नाही. बाल्कनीत बसून पहाटेपर्यंत घराचे हप्ते, लेकीची फी, एलआयसीच्या पॉलिसींच्या तारखा असं सगळं मांडून झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर झालेला नाही. होऊ नये म्हणून लक्ष ठेवायचंय. गोळी चालू ठेवा, वजन उतरवा, तीन वर्षांनी या.” सात मिनिटांत बाहेर.

ती तीन वर्षं या फेब्रुवारीत संपतायत. आजारी म्हणावं तर आजारी नाही, बरा म्हणावं तर बरा नाही. घरचे म्हणतात, ॲसिडिटी कोणाला नसते? माझे मोठे काका १९९८ साली अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. शेवटी शेवटी पाणीही उतरत नव्हतं, ते मी बघितलंय. त्यामुळे भाकरीचा घास जरा जाड लागला तरी हात थांबतो.

इथे कोणी बॅरेट्सवाले आहेत का? गोळ्यांचं, रात्रीच्या जेवणाचं आणि डोक्यातल्या किड्याचं तुम्ही काय करता?

जुना_खांब
१५ जानेवारी, सकाळी ६:१०

अहो, कशाला एवढं मनाला लावून घेता. पित्त ते पित्त. मी ७० चा आहे. रोज सकाळी तोंड धुताना दोन बोटं घालून पित्त पाडतो, चाळीस वर्षं झाली. हिरवं-पिवळं पडून गेलं की दिवसभर अंग हलकं. दुर्बीण, बायोप्सी हे सगळे धंदे आहेत. तिळगूळ घ्या, गोड बोला.

मधुमालती
१५ जानेवारी, सकाळी ९:३२

काका, तिळगूळ घेतला, म्हणून गोड बोलूनच सांगते. ते बोटं घालणं सोडा. माझे सासरे हेच करायचे. दातांच्या डॉक्टरांनी नुसतं आरशाने मागून बघितलं आणि विचारलं, “आजोबा, रोज उलटी काढता का?” दातांच्या आतल्या बाजूचं इनॅमल पार झिजलेलं.

आणि खरं सांगू का, या ‘पित्त’ शब्दानेच आपला घात केलाय. अंगावर गांधी उठल्या की पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली की पित्त. छातीत जळजळलं तरी पित्त, उपाशीपोटी मळमळलं तरी पित्त. राग आला की तेच खवळतं. पित्ताशयातलं खरं पित्त आणखी निराळं, ते यकृतातून येतं. माझ्या अर्धशिशीला पित्त समजून माहेरी मला ११ वर्षं आमसुलाचं पाणी पाजलं. आणि धागाकर्त्यांच्या आम्लाचंही बारसं तेच! आता डॉक्टरांकडे गेले की तो शब्दच वापरत नाही. कुठे जळतं, जेवल्यावर किती वेळाने, आडवं पडल्यावर वाढतं का, वाकल्यावर तोंडात आंबट येतं का, एवढंच सांगते.

आधी_पोटोबा
१५ जानेवारी, दुपारी ३:०५

मी पोटविकारांचाच डॉक्टर आहे. इथे बसून कोणाला उपचार सांगत नाही, पण सात मिनिटांत जे राहून गेलं ते सांगतो. (त्या डॉक्टरांच्या वतीने दिलगिरी. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात हो.)

अन्ननलिकेचं आतलं अस्तर गालाच्या आतल्या कातडीसारखं असतं, थरावर थर. आम्ल सोसायला ते केलेलंच नाही. वर्षानुवर्षं जठरातलं आम्ल आणि त्यासोबत थोडं पित्तही (मधुमालतीताई, हे खरंखुरं पित्त) वर येत राहिलं, की काही जणांमध्ये तिथली जखम भरताना जुन्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं. मेटाप्लेशिया म्हणजे हे वाण बदलणं. डिसप्लेशिया म्हणजे त्या बदललेल्या पेशी पुढे बिघडायला लागणं. बहुतेकांच्या बाबतीत तिथवर गाडी जातच नाही. मेटास्टॅसिसचा याच्याशी काही संबंध नाही. पण तुमच्यासारखं वाचून रात्रभर बसलेले पेशंट मला वर्षातून चार-पाच तरी भेटतात.

सी२ एम४ ही प्राग वर्गीकरणाची भाषा. सी म्हणजे नळीला पूर्ण गोल वेढा घातलेला भाग किती सेंमी, एम म्हणजे त्यातून वर गेलेली सर्वांत लांब जीभ कुठवर पोचली. एम ३ सेंमीच्या आत असेल तर आखूड, ३ किंवा त्याहून जास्त असेल तर लांब. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार डिसप्लेशिया नसेल तर आखूड बॅरेट्सला ५ वर्षांनी दुर्बीण, लांबला ३ वर्षांनी. तुमची ३ वर्षं इथून आली. आकडा हवा असेल तर डिसप्लेशिया नसलेल्या बॅरेट्समध्ये वर्षाला हजारी साधारण १ ते ५ जणांना कॅन्सर होतो.

आता काकांचं. ते तंबाखू खायचे का? आपल्याकडचा अन्ननलिकेचा कॅन्सर बहुतांश स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे मूळच्याच अस्तरातून होणारा. तंबाखू, सुपारी, दारू ही त्याची कारणं. बॅरेट्समधून होतो तो ॲडेनोकार्सिनोमा, नळीच्या खालच्या टोकाला. नळी एक, आजार दोन.

जुना_खांब काका, तुम्ही रोज सकाळी तेच आम्ल नळीतून वर ओढता. एवढंच बोलतो.

आणि धागाकर्ते, गोळी नक्की कधी घेता?

नऊ_दहाची_लोकल
१५ जानेवारी, रात्री ९:४८

काका तंबाखू मळून खायचे. चुना, चिमूट, दिवसातून दहा वेळा. आम्ही पोरं पुडी आणायला जायचो. ‘नळी एक, आजार दोन’ हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ गप्पच बसलो वाचून.

गोळी सकाळी चहा-बिस्किटं झाल्यावर, चपला घालता घालता.

आधी_पोटोबा
१५ जानेवारी, रात्री १०:२०

वाटलंच. ही गोळी जठरातले आम्लाचे पंप बंद करते, पण जे पंप कामाला लागलेत तेवढेच. पंप जागे होतात खाण्याने. म्हणून गोळी आधी रक्तात पोचलेली हवी, मग खाणं. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर. खाऊन घेतली की निम्मी वाया. दोन वेळा सांगितली असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना नव्हे. डोस वाढवून मागणाऱ्यांपैकी कित्येकांचं नुसत्या वेळेने भागतं.

जुना_खांब
१६ जानेवारी, सकाळी ६:०५

वाचलं सगळं. सवय मोडणार नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
१६ जानेवारी, सकाळी ११:१५

निवृत्त शिक्षक, ६१, सातारा. मी बॅरेट्सवाला. माझी गोष्ट जरा लांब आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझ्या पहिल्या बायोप्सीत लिहून आलं, लो ग्रेड डिसप्लेशिया. आमच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, “सर, हे निदान एका नजरेवर घ्यायचं नाही. पोटाच्याच बायोप्सी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचं, मग बोलू.” लॅबमध्ये अर्ज केला की स्लाइड आणि ब्लॉक मिळतात, हे मला तेव्हा कळलं. ब्लॉक म्हणजे मेणाचे लहान ठोकळे, चपट्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेले. त्यात आपल्या नळीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा. असे आठ ठोकळे मिळाले. सौभाग्यवतींच्या लाडवाच्या स्टीलच्या डब्यात कापूस घालून ते ठेवले आणि सकाळच्या मुंबई एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो. एप्रिल महिना. उन्हाने मेण वितळेल या धास्तीने खिडकीची सीट सोडून आत बसलो. डबा वर ठेवायचा धीर होईना. शेजारच्या गृहस्थांनी खालापूरच्या आसपास विचारलं, “कंदी पेढे का?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

अठरा दिवसांनी मुंबईचं मत आलं : दाह भरपूर आहे, डिसप्लेशिया नक्की म्हणता येत नाही. दाह असला की चांगल्या पेशीही बिघडल्यासारख्या दिसतात म्हणे. मग तीन महिने गोळी दुप्पट आणि पुन्हा दुर्बीण. यावेळी नळीच्या चारही बाजूंनी, दर दोन सेंमीवर तुकडे घेतले (याला सिॲटल पद्धत म्हणतात) आणि सगळे डिसप्लेशियाशिवाय. आता चार वर्षं झाली, तसंच आहे. पहिल्या कागदावर विश्वास ठेवून घाबरलो असतो, तर नको ते करून बसलो असतो. उलट पहिला कागद खोटा ठरला म्हणून पुढच्या दुर्बिणी चुकवल्या, असंही केलं नाही.

अवांतर : ज्यांच्या नावाने हा आजार चालतो ते नॉर्मन बॅरेट लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सर्जन होते. १९५० साली त्यांनी लिहिलं की ही अन्ननलिका नव्हेच, हे छातीत ओढलं गेलेलं नळीसारखं जठर. इतरांनी पुरावे दिल्यावर १९५७ मध्ये त्यांनी ते मत सोडलं. नाव मात्र त्यांचंच लागलं. असा विद्यार्थी वर्गात असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवला असता.

मधुमालती
१६ जानेवारी, दुपारी १२:४०

सर, कंदी पेढे!! ऑफिसात हसले आणि सगळे बघायला लागले.

ग्लासगोकरीण
१६ जानेवारी, रात्री ११:५५ (इथे संध्याकाळ)

इथल्या एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. दुर्बिणीची भीती वाटणाऱ्यांसाठी चार गोष्टी. घशात फवारा मारतात, तो कडू लागतो आणि घसा सुजल्यासारखा वाटतो. सुजलेला नसतो, बधिर झालेला असतो. डाव्या कुशीवर निजवतात. लाळ गिळायला जाऊ नका, वाहू द्या, खाली टॉवेल असतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. श्वासाची वाट वेगळी आहे, नाकाने सावकाश घेत राहा. बायोप्सीचा चिमटा लागत नाही. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि सोबत कोणीतरी हवंच.

स्कॉटलंडमध्ये २०२० पासून काही जणांना दुर्बिणीऐवजी स्पंजची गोळी देतात. दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची. पाच-सात मिनिटांत आवरण विरघळतं आणि आतला स्पंज फुलतो. मग दोरा ओढून तो वर काढायचा, म्हणजे येताना तो नळीभर पेशी गोळा करून आणतो. केंब्रिजच्या संशोधकांनी काढलेली युक्ती आहे. शंकास्पद आलं तर दुर्बीण लागतेच.

आणि डिसप्लेशिया पक्का ठरला तरी आभाळ कोसळत नाही. उंचवटा असेल तर तो दुर्बिणीतूनच कापून काढतात. सपाट अस्तर रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळतात, बहुतेकांना दोन-तीन फेऱ्या लागतात. नंतर आठवडाभर गिळताना दुखतं, पेज-सूपावर राहावं लागतं. मग त्या जागी मूळचं अस्तर परत येतं. हे मी डोळ्यांनी बघते, आणि दर वेळी नवल वाटतं.

पांढरा_रस्सा
१७ जानेवारी, दुपारी १:२०

कोल्हापूरकडनं नमस्कार. बॅरेट्स नाही, पण अन्ननलिकेला ग्रेड बी सूज निघालीया. तांबडा सोडला, पांढऱ्यावर आलोय. तरी जळतंयच की. डॉक्टर, पांढऱ्यात तिखट नसतंय ना?

आधी_पोटोबा
१७ जानेवारी, दुपारी २:०२

पांढऱ्यात काजू, खसखस, नारळाचं दूध आणि मटणाचा अर्क. तिखटाहून तेल-तूपच जास्त नडतं. स्निग्ध खाल्लं की जठर उशिरा रिकामं होतं, आणि नळीच्या टोकाचा आवळणारा स्नायू सैल पडतो. दोन्ही रश्शांना दुपारची वेळ द्या आणि वाटी लहान घ्या. मी कोल्हापुरातच शिकलोय, पूर्ण सोडा म्हणायची माझी हिंमत नाही.

नऊ_दहाची_लोकल
१८ जानेवारी, रात्री १०:३०

खाण्याचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं याने माझं जास्त बिघडतं. आमसुलाचं सार मला चालतं, मोरावळाही चालतो. मिसळसुद्धा दुपारी बाराला खाल्ली तर निभते. साबुदाण्याची खिचडी मात्र कधीच नाही. एकादशीला मी बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त जळतो. आणि साधा वरणभात रात्री दहाला खाल्ला तर तोही नाही.

झोपण्याआधी तीन तास पोट रिकामं पाहिजे, हे सगळे सांगतात. पण घरी पोचायला मला पावणेनऊ होतात आणि सकाळी साडेपाचला उठायचं असतं. म्हणून दोन वर्षांपासून दुसरा डबा नेतो. साडेसहाला ऑफिसातच जेवतो आणि मग गाडी पकडतो. त्रास निम्मा झाला. पण घरात जे झालं ते कुठल्या रिपोर्टात येत नाही. आई ८१ वर्षांची. पहिले काही महिने ती रोज माझं पान वाढून बसायची. “बाहेर जेवून येतोस, घरचं गोड लागत नाही का?” डॉक्टर, झडप, आम्ल सगळं सांगून झालं. पुन्हा दुसऱ्या दिवशी पान. एकदा चिडून बोललो. ती काही बोलली नाही, पान उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पानासकट स्वतःचंही वाढलं नाही.

मग मी वाढायला बसायला लागलो. सगळे जेवतात, मी वाढतो. पोळी मीच भाजतो, जरा करपते. आईला गरम पोळी ताटात पडते, ती खूश. बायको म्हणते लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा सलग बसून जेवतेय. वास जीव घेतो, खोटं कशाला बोलू. पण पंगतीत बसल्यासारखं वाटतं.

अजिंक्यताऱ्याखाली
१८ जानेवारी, रात्री ११:०२

हे आधी सांगायचंत की राव.

आमच्या आजोबांच्या दोन गोष्टी आठवल्या, शतपावली आणि वामकुक्षी. वामकुक्षी म्हणजे डावी कूस, हे आपण विसरलो आणि तिला दुपारची झोप करून टाकलं. डॉक्टर, डाव्या कुशीला काही अर्थ आहे का?

आधी_पोटोबा
१९ जानेवारी, सकाळी ८:४०

आहे. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि नळीचं तोंड वर, म्हणून आम्ल सहजी चढत नाही. उजव्या कुशीवर बरोबर उलटं. रात्रीच्या रिफ्लक्समध्ये (आम्ल वर येण्यात) डावी कूस बरी ठरते, हे तपासून बघितलेलं आहे. पण जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही, मग कूस कुठलीही असो. शतपावली आधी.

पलंगाच्या डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचला, पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून. उशांचा ढीग नको. त्याने माणूस कमरेत मुडपतो आणि पोट दाबलं जातं. पोटाचा घेर कमी झाला तर यातलं बरंचसं आपोआप होतं, पण ते सांगताना मी माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत नाही.

सजग_ग्राहक
१९ जानेवारी, दुपारी ४:१५

सगळं ठीक, पण या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, स्मृतिभ्रंश होतो असं फिरतंय. त्यापेक्षा जुनी रॅन्टॅक बरी होती. आणि ॲस्पिरिनने बॅरेट्सचा कॅन्सर टळतो म्हणतात, ते खरं का?

आधी_पोटोबा
१९ जानेवारी, रात्री ९:५०

आधी रॅन्टॅक, म्हणजे रॅनिटिडीन. त्यात एनडीएमए नावाचा नको असलेला घटक तयार होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ती बाजारातून काढायला लावली. आपल्याकडे २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळली.

आता आपली ही पंप बंद करणारी गोळी, पॅन्टोप्राझोल. तिच्याबद्दलची भीती बहुतेक अशा अभ्यासांतून आली ज्यांत गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी होते. २०१९ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. १७ हजारांवर हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकून ४० मिलिग्रॅमची गोळी किंवा खोटी गोळी दिली आणि सुमारे तीन वर्षं बघितलं. आतड्यांचे संसर्ग थोडे जास्त निघाले, बाकीच्या भीतींना आधार सापडला नाही. तरी तीन वर्षं म्हणजे तीस नव्हेत. म्हणून दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी१२ मधूनमधून बघावं, शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं तर नक्कीच. काहींचं मॅग्नेशियमही. साध्या जळजळीला कारण नसताना वर्षानुवर्षं गोळी घेऊ नये, हे तुमचं म्हणणं मला मान्य. बॅरेट्सची गोष्ट वेगळी. तिथे गोळी जळजळीपुरती नसते.

एकदम बंद करू नका, कोणीच. दाबून ठेवलेले पंप काही आठवडे जास्तच आम्ल ओततात, आणि माणसाला वाटतं आजार उलटला. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून पायरीपायरीने.

ॲस्पिरिन : २०१८ मध्ये मुख्यतः ब्रिटनमधली चाचणी छापली गेली, २,५५७ बॅरेट्सवाले, जवळजवळ नऊ वर्षं. जास्त डोसची आम्लरोधक गोळी आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांचं जरा बरं चाललं. पण ॲस्पिरिनने रक्तस्राव होतो. धागा वाचून कोणी सुरू करू नका.

जुना_खांब
२ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

आठवड्यातून दोनदावर आणलंय. याच्या खाली येणार नाही.

नऊ_दहाची_लोकल
९ मार्च, रात्री ८:१०

धागा वर काढतोय. परवा रिपोर्ट आला. यावेळी मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. सी२ एम४, होतं तेवढंच. डिसप्लेशिया नाही. सूज नाही. पुढची दुर्बीण तीन वर्षांनी. डॉक्टरांना यावेळी कागदावर नऊ प्रश्न लिहून नेले होते, बावीस मिनिटं मिळाली.

मेडिक्लेमने पैसे दिले नाहीत. ‘नुसती तपासणी, उपचार नाही’. ते वेगळं रडगाणं, वेगळ्या धाग्यात.

वाचनमात्र_होते
१० मार्च, दुपारी २:३५

पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर ५६ वर्षांचे. पंधरा वर्षं रोज जळजळ, रोज पुड्या. दोन वर्षांपूर्वी ती आपोआप थांबली. आम्ही सत्यनारायणाला बोललो होतो, तो घातलासुद्धा. गोळ्या बंद, सगळं खातात. पोट सुटलेलं आहे, सिगारेट आहे. गेल्या महिन्यात दोनदा म्हणाले की भात नीट उतरत नाही. हा धागा वाचून झोप लागली नाही. जळजळ थांबणं वाईट असतं का?

आधी_पोटोबा
१० मार्च, दुपारी ३:१०

ताई, जळजळ थांबणं बहुतेकदा चांगलंच असतं. पण बदललेल्या अस्तराला आम्ल कमी झोंबतं, त्यामुळे बॅरेट्स झालेल्या काही जणांना उलट बरं वाटायला लागतं, हेही खरं. मिस्टरांचं वय, पंधरा वर्षांचा त्रास, पोट, सिगारेट, आणि मुख्य म्हणजे घास अडकणं, एवढं असताना थांबायचं नाही. या आठवड्यात दाखवा. वजन उतरलंय का, शौचाला काळं होतंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, हे तिथे विचारतील. अडकण्याची कारणं बरीच असतात, पुष्कळशी साधी. घरी बसून त्यातलं एकही ठरवता येत नाही.

नऊ_दहाची_लोकल
१० मार्च, रात्री ९:१५

वहिनी, त्यांना ‘कॅन्सर’ शब्द सांगू नका. “भात का अडकतो ते बघून येऊ” एवढंच म्हणा. मला कोणी तसं म्हटलं असतं तर मी दहा वर्षं आधी गेलो असतो.

वाचनमात्र_होते
२८ मार्च, सकाळी ११:५०

झाली दुर्बीण. पहिल्या वेळी हॉस्पिटलच्या दारातून परत आले. दुसऱ्या वेळी मुलाने नेलं. बॅरेट्स नाही. नळीला सूज आहे, ग्रेड बी, आणि खालच्या टोकाला सुजेने जरा अरुंद झालंय, भात तिथे अडकत होता. बायोप्सी चांगली आली. आठ आठवडे गोळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी (हे मीच डॉक्टरांच्या आधी सांगितलं), मग पुन्हा बघणार. सिगारेट दिवसाला दोनवर आलीय म्हणतात, मी मोजलेल्या नाहीत.

एक अडचण. डोक्याकडची बाजू उचलायची तर आमचा पलंग बॉक्सचा आहे, खाली सगळं सामान, गाद्या, मुलाची जुनी पुस्तकं. पायच नाहीत. विटा ठेवू कुठे?

पांढरा_रस्सा
२८ मार्च, दुपारी १२:३०

वहिनी, आमचाबी तसलाच हाय. सुताराकडनं प्लायवूडचा उतरता ठोकळा करून घेतला, गादीएवढा रुंद, डोक्याकडं सात इंच आणि कमरेपाशी शून्य. तो गादीच्या खाली घालायचा, वर नाही. आणि खालच्या बाजूला दोन भोकं पाडून घ्या, नाहीतर बॉक्स उघडताना ठोकळा बोटांवर येतोय.